वैशालीच्या बायोडाट्यातली दोन वर्षं

मंडळी, आज पांढरकवड्याला माझ्या कॉम्प्युटर सेंटरवर मुकुटबनची वैशाली नोकरीसाठी बायोडाटा करायला आली. बारावीनंतरची दोन वर्षं कोरी होती.

"तेव्हा काय करत होतीस?"

"कपाशीवर फवारताना बाबाच्या डोळ्यात औषध गेलं मॅडम. त्याइले दिसत नाही आता. मीच वावर पाहून राह्यली होती."

मी म्हटलं, "मग तेच लिहू. मजूर लावले, कापूस विकला. हा अनुभवच आहे."

ती एकदम घाबरली. "नका लिहू. इंटरव्ह्यूत विचारलं तर मले तो दिवस सांगा लागन. त्या दिवशी पंप मीच भरून देल्ला होता."

शेवटी ती जागा कोरीच ठेवून मी प्रिंट काढून दिली. ती गेली, पण तिची फाइल मी अजून बंद केलेली नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?