बकारामची तीन लाकडांची खुर्ची

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बाजारात सुतार पुष्कळ, पण लाकडाला लाकूड जोडावं ते बकारामनंच. सागाची चौकट, तिला हळदूची पिवळी किनार आणि मधोमध बिज्याची लालसर फळी. पाट म्हणू नका, पलंग म्हणू नका, शेजारच्या शकुंतलाबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यालाही त्यानं ही किनार काढून दिली. कोंबड्यांना काय त्याचं!

प्लाय-सनमायका म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं आणि वारनिशवर तर त्याहून राग. रंग झाकायचा होता तर लाकूड कायले घेतलं, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारी. त्यामुळे गिऱ्हाइकं कमी आणि भांडणं जास्त, पण त्याची मान ताठ.

त्याची पोरगी भाग्यश्री लग्नाची झाली. तीन ठिकाणं आली नि गेली. चौथं ठिकाण तिरोड्याकडचं, धानाचे व्यापारी केशोराव यांचा पोरगा दुर्गेश. पोराचा फोटो भाग्यश्रीनं मोबाइलात चारदा पाहिला, हे आई रुख्मिणीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. हे ठिकाण काही हातचं जाऊ द्यायचं नाही, असं बकारामनं ठरवलं आणि केशोरावांना बसायला खास तीन लाकडांची खुर्ची केली, बैठक बिज्याची. बिजा ओला झाला की रंग सोडतो, निदान बैठकीला वारनिश लावा, असं भाग्यश्रीनं बजावलं. पाहुणा काय पाण्यात बसणार आहे, म्हणून त्यानं तिला उडवून लावलं.

ऑगस्टचा महिना. बापलेक मोटारसायकलवर आले ते वाटेत सर लागून भिजलेले. केशोरावांचा पायजमा पांढराशुभ्र, तोही ओलाचिंब. तसेच ते खुर्चीत बसले आणि खुर्चीची तारीफ केली. झालं, बकाराम चढला. कोणतं लाकूड कशाशेजारी नांदतं ते त्यानं अर्धा तास सांगितलं. तेवढ्यात पाण्याचा गिलास घ्यायला केशोराव जरा पुढे वाकले आणि मागं उभ्या बकारामची नजर खाली गेली. पायजम्यावर तांबूस पिवळा पट्टा उठला होता, बरोबर फळीच्या मापाचा.

आता या माणसाला उठू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. पोहे झाले, पुन्हा पोहे झाले. हात धुवायला बादली-तांब्या त्यानं खुर्चीपाशीच आणला. चहावर चहा पाजला. अहो, जितका वेळ बसवावा तितका बिजा मुरतो, हे सुताराला सांगावं लागतं का? पण घाबरलेल्या बापाला कुठलं सुचतंय!

शेवटी माणूसच तो, चार कप चहा पोटात. केशोराव उठायला लागले, तर बकारामनं त्यांचा खांदाच धरला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. भाग्यश्री सुपारीचं ताट घेऊन दारात उभी होती.

"सोडा बाबा त्यायले," ती म्हणाली. "काकाजी, तुमचा पायजमा मागून रंगला. बिज्याचा रंग आहे. मी वारनिश लावा म्हटलं होतं, पण बाबा कोणाचं ऐकत नाही."

रुख्मिणीनं पदर तोंडाशी धरला. दुर्गेश खाली मान घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. केशोराव उठले, मागं वळून पाहायला स्वतःभोवती एक फेरा फिरले, तरी काही दिसेना.

"धुतल्यावर निघते का हो?" त्यांनी बकारामला विचारलं.

हो म्हणा, हो म्हणा, अशी रुख्मिणी डोळ्यांनी खुणावत होती. बकारामला ते दिसतही होतं. पोरीचं साक्षगंध, लग्न, सगळं या एका उत्तरावर येऊन ठेपलंय, हेही कळत होतं. पण जन्मभर लाकडाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता बिचारा, आता ते तोंडात कुठून येणार?

"नाही निघत," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "अस्सल बिजा आहे."

केशोरावांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"मग साक्षगंधाले हाच घालून येतो," ते म्हणाले. "दुसरा कायले खराब करू?"