'भावाला कापीन' आणि एक चिन्ह

"फोडीन," असं म्हटल्याशिवाय तो कुठलंही काम सुरू करत नसे. स्टेपलर अडला तर स्टेपलरला, टँकर उशिरा आला तर ड्रायव्हरला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत तो डिस्पॅच बघायचा आणि मी शेजारच्या टेबलावर चलनं करायचो. असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. भिंतीवर त्याच्या मुठीची खूण असते आणि तिच्यावर कुणीतरी कॅलेंडर लावलेलं असतं.

नुसतं तोंड नव्हतं. वजनकाट्यापाशी पिऊन आलेल्या एका ड्रायव्हरचे दात त्याने खरोखर पाडले होते, आणि मग स्वतःच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. वाटेत आणखी एक लावली, असं रिक्षावाला सांगतो.

मग नेटवर्क सुरक्षेचे नियम आले. ते समजवायला हेड ऑफिसातून एक तज्ज्ञ आले. अंगात कोट, आणि आमचा एसी बंद. पासवर्ड लांबलचक हवा, त्यात आकडा हवा, चिन्ह हवं आणि दर महिन्याला नवा हवा.

"लक्षात कसा ठेवायचा?" याने विचारलं.

"मनापासून वाटणारं एक पूर्ण वाक्य घ्या," तज्ज्ञ म्हणाले. "विसरणारच नाही."

याने मनापासूनचं घेतलं. सोनिवलीला त्यांचं भाताचं शेत होतं आणि धाकट्या भावाने याला न विचारता बिल्डरच्या कागदावर सही केली होती. पहिल्या महिन्याचा पासवर्ड होता 'भावाला कापीन', पुढे आकडा आणि चिन्ह. आम्हाला कसं कळलं? एका बोटाने टाइप करताना तो प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचा आणि शेवटी अख्खं वाक्य. रोज सकाळी आमचं ऑफिस या प्रार्थनेने उघडायचं. पुढच्या महिन्यात 'भावाला गाडीन'. मग 'भावाला बारवी धरणात बुडवीन'.

"अरे, माणूस तरी बदल," मी म्हटलं.

"माणूस बदलायला नाय सांगितलंय, वाक्य बदलायला सांगितलंय. आन बघ, हिरवी पट्टी आली. कम्प्युटर बोलतो, स्ट्राँग हाय."

एका सकाळी तो भाऊ शेताच्या बांधावर सापडला. जबडा मोडलेला, डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. दुपारी हवालदार ऑफिसात आला.

"हा भावाला मारायच्या धमक्या द्यायचा का?"

अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "रोज. लॉगिन करताना."

त्याला नेलं. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा. आता भाऊ तोंड उघडेपर्यंत तो आत, आणि भाऊ गेला तर जन्मभर आत.

मी चौकीत भेटायला गेलो. ओठ सुजले होते, एक डोळा मिटला होता.

"तू नाही ना केलंस?"

"मी केलं असतं तर जबडा जागेवर राहिला असता?"

"मग सांग की त्यांना."

"हेच सांगितलं," तो म्हणाला आणि सुजलेल्या तोंडाकडे बोट केलं.

भाऊ वाचला. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून त्याने मोबाइलवर लिहून दाखवलं. सही मागे घेतो म्हणालो, तर बिल्डरच्या साइटवरच्या मुकादमाने सळईने मारलं. हा सुटला. मुकादमाला पकडलं आणि तोही जामिनावर सुटला, याच्यापेक्षा बराच लवकर.

कंपनीने याला काढून टाकलं. मारहाणीच्या संशयावरून नव्हे. तो फिटलाच होता. पासवर्डची गोपनीयता राखली नाही, म्हणून.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात गेलो तेव्हा तो भावाला नळीने पेज पाजत होता. भावाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हा ते त्याच रुमालाने पुसत होता, ज्याने पेज पुसत होता.

"त्या मुकादमाचं काय?" मी विचारलं.

मी 'फोडीन'ची वाट पाहिली. त्याने वाटी विसळली, भावाची उशी सारखी केली आणि मला विचारलं, "चहा घेनार?"

त्याच आठवड्यात मुकादम साइटवर सापडला, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या फुटलेल्या. भावाच्या कॉटशेजारचं याचं स्टूल रिकामं होतं, ते अजून रिकामंच आहे. भावाला आता त्याची बायको पेज देते.

हवालदार पुन्हा ऑफिसात आला. "या वेळी काही बोलला होता का?"

आम्ही सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. एक अक्षरही नाही.