चोवीस जानेवारीलाच उमललेले गुलाब

दहा डिसेंबरला आमच्या मावळातल्या पॉलीहाऊसमध्ये मी, बायको आणि फुलांचा व्यापारी होतो. व्हॅलेंटाइनसाठी दहा हजार गुलाब, चौदा रुपये नग, असं ठरलं. छाटणीपासून पंचावन्न दिवसांनी कापणी, हा माझ्या वहीतला हिशेब कधी चुकला नव्हता. त्याच दिवशी छाटणी केली.

चोवीस जानेवारीला सकाळी आत गेलो. पंचेचाळीस दिवसांतच कळ्या उमलू लागल्या होत्या. शेजारच्या आबांना बोलावलं.

"असं कधी पाहिलंय, आबा?"

"न्हाई. पन औंदा गोधडी तरी कुटं काढली आमी?"

ओळखीच्या कृषी अधिकारी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पॅसिफिक महासागर तापलाय. अशा वर्षी आपल्याकडच्या रात्री बऱ्याचदा उबदार राहतात. फुलं लवकर येतात."

फोन ठेवून मी वही उघडली. इतकी वर्षं मी दिवसच मोजले होते. रात्रीचं तापमान एकदाही लिहिलं नव्हतं.

"वहीत समुद्राचा रकाना राहिला वाटतं," बायको म्हणाली.

व्यापाऱ्याला इतक्या लवकर फुलं नको होती. लग्नाच्या सजावटवाल्याने ती चार रुपयांनी उचलली. त्यातून कापणीच्या सहा बायकांना तीन दिवसांची मजुरी, सात हजार दोनशे रुपये, रोख दिली.