मला खुर्चीवरनं उठवायला आलेली माणसं

फाउंड्रीत दोन गोष्टी न मागता साठतात, भंगार आणि किस्से. भंगार आम्ही वितळवतो, किस्से मी सांगत सुटते. नवरा गेला तेव्हापासून शिरोलीच्या आमच्या लोखंड ओतायच्या कारखान्यात एमडीच्या खुर्चीत मीच बसते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं भट्टीपुढं शिकले. टेबलावर माझा हातोडा असतो. ओतलेल्या मालावर मारला की चांगला माल टण्ण वाजतो, आत तडा असला की थड्. लॅबचा रिपोर्ट नंतर येतो! तरी पहिल्या दिवसापासून कुणी ना कुणी मला उठवायला बघतंयच.

*

पहिल्याच महिन्यात एक इंजिनिअर आला. माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, साहेब कधी येतील?"

"साहेबांचं दिवस घालून झालं. थांबणार असला तर चहा सांगते!"

*

पुतण्या सुहास एमबीए होऊन आला. पडद्यावर गोल काढून म्हणाला, "काकी, हे आपले स्टेकहोल्डर. आपल्या धंद्याशी ज्यांचं बरं-वाईट जोडलंय ते. ग्राहक, बँक, सरकार..."

"ह्यात हौसाबाई कुठं हाय?" हौसाबाई आमचे वाळूचे साचे करते.

"ती लेबर आहे, काकी."

"उद्या ती न्हाय आली तर ह्या गोलात काय वततोस? चहा?"

*

शेजारच्या गावातल्या बायका गेटवर आल्या. धुरानं वाळवण काळं पडतंय म्हणून, काळे पापड घेऊनच भांडायला. मॅनेजर म्हणाला, "पोलिसांना फोन करू?"

मी बायकांना आत घेतलं, त्यातलाच एक पापड भाजून मॅनेजरच्या ताटात ठेवला. "खावा."

आठवड्यात धुराड्याला फिल्टर बसला!

*

जर्मनीचा ग्राहक व्हिडिओ कॉलवर होता. सुहासनं बजावलेलं, "काकी, तुम्ही फक्त हसा." आणि स्वतः ठोकून दिलं, माल निघाला म्हणून.

मी हसले न्हाय. "निघाला न्हाय. साचा फुटलाय. पंधरा दिवस लागतील. सांग त्याला!"

सुहासनं घाम पुसत सांगितलं. गोऱ्यानं नवी तारीख लिहून घेतली. मग म्हणाला, "पुढच्या कॉलला मॅडम असल्या तर बरं."

*

आणि गेल्या महिन्यात पुण्याची कंपनी आली. वर्षभराची ऑर्डर, आमच्या ऐंशी घरांच्या चुली त्यावर. त्यांचे मोठे साहेब चहा संपवून म्हणाले, "एकच अट आहे. एमडी शिकलेला हवा. आक्कांना मार्गदर्शक करा."

सुहास खाली मान घालून बसला. दारात हौसाबाई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी बॅगेतून दुसऱ्या कारखान्याचा एक पार्ट काढून टेबलावर ठेवला. "लॅबनं पास केलाय. असा दर्जा जमेल तुम्हाला?"

मी हातोडा उचलला आणि मारला.

थड्.

मग आमचा पार्ट पुढं ओढला आणि मारला. टण्ण! साहेबांच्या बशीतला चमचा थरथरला.

साहेब उठून माझ्या बाजूला आले. दोन्ही पार्ट उलटेपालटे करून बघितले. मग हात पुढं केला. "आक्का, तो हातोडा द्या बघू जरा."

म्हटलं, "हातोडा माझ्याकडंच राहील, पावणं. तुम्ही कान तेवढा इकडं करा."