वादीकडून

आमच्या आत्याला कुणी "कशा आहात?" असं विचारलं, की ती तब्येत सांगायची नाही, कोर्टाची तारीख सांगायची. "सोमवारी पेशी आहे." आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या लोकांनी तिचं नाव वादीबाई पाडलं होतं. चिडवायलाच पाडलं होतं. पण तिने ते इतक्या थाटात मिरवलं, की चिडवणाऱ्यांची मजाच गेली.

त्याआधी ती मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, नोकरी अजून कच्ची. ती पक्की करायचे कागद पाहू, असं सांगून हेडमास्तरांनी तिला शाळा सुटल्यावर खोलीत बोलावलं आणि दाराला कडी घातली. पुढे त्यांनी काय केलं ते तिने कोर्टात स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. मी इथे पुन्हा सांगत नाही. हा माणूस खादी घालायचा. झेंडावंदनाला त्याचे डोळे भरून यायचे, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं.

ठाण्यात फौजदाराने तक्रार लिहूनच घेतली नाही. शाळेने तिला काढलं, त्याला ठेवलं. आजोबा म्हणाले, "चांदनीले काकाकडे जाय, चार महिने रहाय. लोक भुलून जातील." आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. केलं त्याने, आणि गाव सोडायचं हिने!

आत्या चांदनीला गेली नाही. ती नावेत बसून तापीपलीकडे गेली, जैनाबादच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे. त्यांनी तिला समजावलं, की फौजदारी खटला सरकार चालवतं, पोलिसांनी हात वर केले की आपण अडकलो. दिवाणी दावा मात्र आपला आपल्याला लावता येतो. त्याला फौजदाराची मर्जी लागत नाही, फक्त वर्षाच्या आत लावावा लागतो. "अन् तिथं तू नुसती साक्षीदार नाही राहत, बाई. तिथं तू वादी."

दाव्याचा मजकूर तयार झाला. त्यात लिहिलं होतं, वादीची अब्रू गेली, सबब नुकसानभरपाई मिळावी. आत्या म्हणाली, "हे खोडा. अब्रू त्याची गेली. माझी नोकरी गेली, झोप गेली, तेवढं लिहा." वकील म्हणाले, भरपाई अब्रूवरच जास्त मिळते. तरी तिने खोडायला लावलं.

पेशीला जाताना ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. बायका कुजबुजायच्या, हिला लाज कशी नाही. त्याच्या धुतलेल्या टोपीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही ओरडला का नाहीत? आत्या म्हणाली, "ओरडले. शाळा सुटली होती. त्यांनी वेळच तशी निवडली होती."

ती जिंकली. तो अपिलात गेला, तिथेही ती जिंकली. मग तो नागपूरला हायकोर्टात गेला, आणि तेवढ्यात राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही इकडच्या राज्यात राहिलो, प्रकरण आमच्या नव्या हायकोर्टाकडे, जबलपूरला निघालं. तिला थकवायची याहून चांगली संधी कोणती? त्याच्या माणसांनी निरोप धाडला: नोकरी परत देतो, भरपाईही देतो, फक्त दावा मागे घ्या. घरात सगळे हरखले. आत्या म्हणाली, "मागे घेतला तर त्यानं काय केलं ते निकालात कोण लिहील?" तिला तेवढंच हवं होतं.

जबलपूरने ते लिहिलं. पण नोकरी तिला शेवटपर्यंत मिळाली नाही. ती घरी शिकवण्या घेत राहिली. तो मात्र सन्मानाने निवृत्त झाला आणि शाळेच्या सभागृहात त्याचा फोटो लागला. कोर्टाने जे लिहिलं ते वाचायची शाळेला गरज वाटली नसावी.

त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला आत्या तिथे जायची आणि पहिल्या रांगेत, बरोबर त्या फोटोसमोर बसायची. पाहुणे त्याचे गुण गायला उभे राहायचे, समोर ही दिसायची, आणि भाषण लवकर आटपायचं. तिला उठवायची हिंमत कुणाला झाली नाही.

आत्या गेली त्या वर्षी त्या खुर्चीत मी जाऊन बसले. फोटोला ताजा हार होता. शिपाई नवा होता. त्याने अदबीने विचारलं, "बाई, आपण कोणाकडून?"

मी म्हटलं, "वादीकडून."