फट न ठेवणारा माणूस

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चारला तो डेपोत हजर. कडक थंडीच्या महिन्यांत आमच्या टोळीचं काम एकच: लोक घराबाहेर पडायच्या आत रस्त्यांवरच्या बर्फावर मीठ मिसळलेली वाळू टाकायची, म्हणजे कुणी घसरणार नाही. अठरा हिवाळे मी त्याच्या शेजारी उभं राहून फावडं मारलं.

त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर असायचं. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हा माणूस तसाच होता. वाळूचा थर सगळीकडे सारखा हवा. वीतभर जागा सुटली तरी म्हणायचा, "इथं कोण घसरणार, ते आधीच ठरवून आलायस का?" मी शिव्या घालायचो आणि परत जाऊन टाकायचो.

त्याचं घर एका खोलीचं. तो, वहिनी आणि आठ वर्षांची मुलगी. छताखाली एक झरोका होता, त्यातून गार वारा आत यायचा. एका हिवाळ्यात मुलीचा खोकला हटेना. ओळंब्याने वाळूची रिकामी पोती घरी नेली, घड्या घालून झरोक्यात ठासली, वरून लाकडी पट्ट्या ठोकल्या. दाराखालीही पोत्याची वळकटी लावली. काम त्याचं, म्हणजे फट राहायचा प्रश्नच नव्हता. मग उबेसाठी कोळशाची शेगडी खोलीतच ठेवायला सुरुवात केली. कोळसे बाहेर फुलवून, लाल झाल्यावरच आत न्यायचा. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा त्याचा हिशेब. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

चारपाच दिवसांत त्याचं डोकं दुखायला लागलं. डेपोत यायचा तो कपाळ धरून. उघड्यावर तासभर काम केलं की उतरायचं. आमच्या ड्रायव्हरमामांना आयताच विषय मिळाला.

"घरी दुखतं, कामावर थांबतं. वहिनींना कळवू का?"

"कळवा. माझ्या आधी तुम्हालाच झोडपेल."

मग ती सकाळ आली, त्या वर्षातली सगळ्यात गारठ्याची. आम्ही नदीकडे जाणाऱ्या उतारावर होतो. वरचा अर्धा झाला होता, खालचा अर्धा काचेसारखा चकाकत होता. ओळंबा फावड्यावर रेलून थांबला. त्याला काम सोडून थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आज चहा नाही मिळाला," तो म्हणाला. "ती उठलीच नाही. म्हणे, डोकं फुटतंय. पोरीलाही मळमळतंय. निघताना शेगडीत चार कोळसे जास्त टाकून आलो. ऊब राहील दोघींना."

मामा ट्रकच्या पायरीवरून खाली उतरले. "तिघांचं एकदम दुखतंय? झरोका उघडा आहे ना?"

"छे. पक्का बंद केलाय. दिव्याची ज्योतसुद्धा हलत नाही."

हे त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. मामांचा चेहरा उतरला.

"फावडं टाक आणि घरी जा. माझ्या भावाला मी असाच तंबूतून ओढून काढलाय. तिथंही धूर नव्हता. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वास येत नाही. माणूस झोपतो तो झोपतोच."

"भाऊ वाचला?" ओळंब्याने विचारलं.

मामांनी त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

ओळंब्याची वस्ती उताराच्या पायथ्याशी होती. मधे सगळा बर्फ. ट्रक खाली नेणं म्हणजे नदीत नेणं. तो पळायला निघाला, तर मामांनी त्याची कॉलर धरली. "पाय मोडून पडलास तर दार कोण उघडेल? पावलं छोटी टाक. हात खिशातून काढ. कडेकडेने जा." मला म्हणाले, "तू पुढं हो, वाळू टाक. मी इथं कंदील घेऊन गाड्या अडवतो."

मी पोतं खांद्यावर घेतलं आणि मुठीमुठीने वाळू फेकत चालू लागलो. तो माझ्या मागे, पाय सपाट टेकवत, बदकासारखा. सगळी मिळून पाच मिनिटांची वाट. एवढं लांब अंतर मी पुन्हा चाललो नाही. वाळू कुठे ढीग, कुठे नुसती शिंतोड्यासारखी पडत होती. त्या दिवशी त्याचं लक्ष फक्त खालच्या वस्तीकडे होतं.

दार त्याने खांद्याने उघडलं. मुलीला गोधडीसकट उचलून बाहेर आणलं. मी वहिनींना काखेत हात घालून ओढलं. शेगडी शेवटी बाहेर काढली. वहिनी पायरीवर बसून ओकल्या. मुलगी मात्र डोळे उघडेना. ओळंबा तिचे गाल चोळत होता आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "शाळेत जायचंय ना? शाळेत जायचंय ना?"

बऱ्याच वेळाने ती कुरकुरली, "आज सुट्टी घेऊ दे की."

तो मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता, मला कळलं नाही. मी नाक पुसायच्या निमित्ताने दुसरीकडे पाहिलं.

शेजाऱ्याने आपल्या टेम्पोतून, नदीकाठच्या सपाट रस्त्याने, तिघांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवसभर प्राणवायू लावला आणि संध्याकाळी घरी सोडलं. आणखी अर्धा तास गेला असता तर सोडायला दोघी उरल्या नसत्या, हेही सांगितलं. मी परत वर गेलो आणि मामांना घेऊन उतार पुरा केला. दुसऱ्या दिवशी ओळंबा कामावर आला, उतार वरपासून खालपर्यंत चालला आणि म्हणाला, "मधे हात सैल पडलाय तुझा." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

झरोका मोकळा करायला पहार लागली, इतक्या पट्ट्या पक्क्या होत्या. वहिनी खालून बघत होत्या. "यांना लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या, "थोडं काम वाईटही करावं."

त्या हिवाळ्यात आम्ही अडीच महिने अंधारात उठून राबलो, त्याची जादा मजुरी एकदम मिळाली. ओळंब्याने पाकीट न उघडता पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेलं. त्यातून झाकणाची लोखंडी चूल आली आणि भिंतीतून थेट छपरावर जाणारं धुराडं.