अडकलेलं तेल

"संपलं न्हाई, अडकलंय!" असं म्हणत तो आमच्या घरातला काकवीचा रिकामा डबा वाटीवर उलटा धरायचा, आणि माझी बायको तो त्याच्या हातातून ओढून घ्यायची.

तो आमचा शेजारी. मुळशीचाच, पण साठच्या दशकात गुजरातेत तेलविहिरींवर नोकरीला लागलेला. तुम्ही त्याला चहा द्या, तो तुमच्या हातात वाळूच्या खडकाचा तुकडा देणार. "तेल ह्यात असतंय. तळ्यावानी न्हाई, कणांमधल्या बारीक छिद्रांत!" आम्ही काळ्या कातळावर वाढलेली माणसं. दगडात तेल म्हटल्यावर गाव हसायचं. मला मात्र त्याचं बोलणं ऐकून हुरूप यायचा.

एकदा रजेवर आला तो घोर घेऊनच. त्याची एक विहीर नुसतं पाणी ओकत होती. तेल पुढे रेटण्यासाठी शेजारून जमिनीत दाबलेलं पाणीच वर येत होतं. साहेब ती कायमची बुजवायला निघाले होते, आणि रजा संपली की ह्याला त्यांना पटवायचं होतं.

खाली काय घडतंय ते बघायला आमच्या ओटीवर काचेची नळी आली. नदीची वाळू भरायचं काम बायकोने घेतलं. भात मापताना कुणाला कमी पडू नये म्हणून आमच्याकडे माप ठोकून भरतात. तिने नळीही तिरकी धरून तश्शीच ठोकली! जाड वाळू एका कडेला गेली, बारीक दुसऱ्या. मग करडईचं तेल मुरवलं आणि वरून पाणी सोडलं. पाणी जाड वाळूतून सरळ पळालं. थोडं तेल आलं, मग नुसतंच पाणी. बारीक वाळू पिवळीची पिवळी राहिली.

"माजंच चुकलं भावजी," बायको ओशाळून म्हणाली.

"चुकलं? वहिनी, तुमी माजी विहीरच भरली की!" तो नाचायचाच बाकी होता. "खाली असंच असतंय. पानी सोपी वाट धरतंय, तेल बारीक छिद्रांत मागं ऱ्हातंय. आता ते काढायचं कसं?"

"आदी जेवा. भाकरी गार व्हतीया. बंद करा त्ये पानी."

जेवलो, गप्पा मारल्या, उन्हं कलली. पुन्हा पाणी सोडलं आणि काय सांगू, तेलाचे टपोरे थेंब! मास्तर असून मी पोरासारखा ओरडलो.

"बारीक वाळूनं पानी शोषलं, तेलाला भाईर ढकललं!" त्याने ओल्या हातांनी मला मिठी मारली. "सारखं रेटायचं न्हाई मास्तर, थांबायचं!"

साहेब कुरकुरले, पण ऐकलं. थांबून थांबून पाणी सोडल्यावर ती विहीर पुन्हा तेल देऊ लागली. हे सांगायला तो आला, तेव्हा रस्त्यापासूनच ओरडत आला.

पुढच्या उन्हाळ्यात तापाने तो तिकडेच गेला. आम्हा दोघांना ते फार लागलं.

परवा काकवी संपली. बायकोने डबा वाटीवर उलटा घातला आणि दुपारभर तसाच राहू दिला. मी उचलायला गेलो, तर तिने माझा हात धरला.

"थांबा," ती म्हणाली, "संपलं न्हाई."